शालजोडीतले: यात शाल कुठून आली?

चिंचगुळ:
काल साबांच्या (सासूबाईंच्या) मावशी आल्या होत्या. मी बेसनाचे लाडू केलेले, जरा कडक झाले हे मान्य. मावशींनी एक तोंडात टाकला, बराच वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मग साबांना म्हणे, "गुणाची आहे गं तुझी सून, दिवाळीपर्यंत पुरतील बघ हे लाडू, कुण्णी हात लावायचं नाही." मी आपली थँक्यू म्हणून मोकळी! रात्री नवरा हसत सुटला, म्हणे शालजोडीतले मिळाले तुला. अर्थ कळला हो, पण शाल का आणि जोडी कसली?

टिकलूबुवा:
थँक्यू म्हणालात हे भारीच 😂
जोडी शालींचीच. दोन शाली पाठीला पाठ लावून शिवायच्या म्हणजे उलटी बाजू दिसतच नाही, ती शालजोडी. भारी वस्त्र, पेशवाईत मानाचा पोशाख द्यायचे त्यात असायची. आता अशा शालजोडीत गुंडाळून जोडा हाणला तर बघणाऱ्याला वाटतं सत्कार चाललाय, लागायचं तिथे बरोब्बर लागतं. मूळ शालजोडीतले जोडे, बोलता बोलता जोडे गळाले आणि नुसतं 'तले' राहिलं.

कोरडी_भाकर:
अरे देवा, मी दहावीपर्यंत 'शाळजोडीतले' म्हणायचो, वाटायचं शाळेत एका बाकावरच्या दोघांचं काहीतरी असणार. पण मग टोमणा आणि हे एकच ना?

टिकलूबुवा:
छे. टोमण्याला कौतुकाचं आवरण लागत नाही, तो सरळ टोचतो. कोपरखळी मित्रामित्रांत, तिचा राग धरायचा नसतो. इथे वरून कौतुकच हवं, ते नसेल तर शाल कुठाय, नुसताच जोडा की.

वाटाणा७:
आणि लेकी बोले सुने लागे? आमच्याकडे ते जास्त चालतं, आजी भांडी आपटत आत्याला बोलायची आणि आई ओट्याशी लालेलाल.

टिकलूबुवा:
त्यात शब्द उघडच कडू असतात, फक्त पत्ता दुसऱ्याचा. शालजोडीत पत्ता बरोबर, शब्द गोड.

चिंचगुळ:
म्हणजे मावशींचं अस्सल होतं तर. आत्ता साबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मला लग्नानंतर पहिल्या होळीला मिळालेलं, ह्याच मावशींकडून. "पोळी काय सुंदर झालीय गं, पुरण वेगळं वाढणारेस का?"