एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला क्रेटची सवय लावावी की नाही?

पर्वरी_तिसरा_मजला :

आम्ही दोघे पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. सकाळी साडेआठला घर सोडतो, यजमान वेर्ण्याच्या कारखान्यात आणि मी पणजीतील कार्यालयात. परतेपर्यंत सहा वाजतात. आमचा मोती दहा महिन्यांचा गावठी कुत्रा आहे. गेल्या पावसाळ्यात म्हापशाच्या बाजाराजवळ भिजत पडलेले पिल्लू आम्ही उचलून आणले, तोच हा. माणसे घरात असताना तो इतका शहाण्यासारखा वागतो की पाहुण्यांना आमची तक्रार खोटी वाटते, पण घर रिकामे झाले की लाकूड कुरतडतो. आधी चपलांचे कपाट गेले, मग पलंगाचा एक पाय, आणि आता दिवाणखान्यात खिडकीखाली ठेवलेली घरमालकांच्या वडिलांची शिसवी आरामखुर्ची. तिच्या उजव्या हातावर, जिथे माणसाचे मनगट टेकते नेमक्या त्याच जागी, लाकडाचे तंतू नारळाच्या सोडणासारखे मोकळे झाले आहेत. वेताच्या बैठकीला मात्र त्याने दात लावलेला नाही.

माझे मत असे की अशा कुत्र्याला क्रेटची, म्हणजे कुत्र्यासाठीच्या दार असलेल्या तारेच्या खोक्याची, सवय लावणे हे त्याच्याच हिताचे आहे. आज खुर्ची आहे, उद्या फ्रिजची वायर असेल. आणि घरमालकांनी घर सोडायला सांगितले तर कुत्र्यासह नवे घर शोधणे किती कठीण आहे, हे पर्वरीत राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा वेळी सामान टेम्पोत चढते आणि कुत्रा मागे रस्त्यावर राहतो, हे मी आमच्याच गल्लीत दोनदा पाहिले आहे. म्हणून तीन फूट लांबीचा तारेचा क्रेट आणला. पहिल्या दिवशी मोती आपण होऊन आत जाऊन बसला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दार लावून कामावर गेलो. संध्याकाळी शेजारच्या आजींनी सांगितले की दुपारपर्यंत तो रडत होता. तरीही माझे मत बदललेले नाही, परंतु विरोधी मते वाचण्याची तयारी आहे.

माडावरची_घार :

पिंजऱ्याला क्रेट म्हटल्याने गज पातळ होत नाहीत. ताई, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण साडेआठ ते सहा म्हणजे साडेनऊ तास होतात, आणि रात्रीची झोपही त्यातच धरली तर त्या कुत्र्याचे बहुतेक आयुष्य तीन फुटांत जाईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलम वाचून पाहावे. प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा त्यात अपराध मानला आहे, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही तर तोही. स्वीडनमध्ये तर प्रवास किंवा स्पर्धा अशा मोजक्या प्रसंगांखेरीज कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे.

कुत्रा हा गुहेत राहणारा प्राणी आहे, त्याला पिंजऱ्यात सुरक्षित वाटते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. लांडगीण बीळ वापरते ती पिल्ले लहान असेपर्यंत, त्यानंतर कळप उघड्यावरच झोपतो. आणि त्या बिळाला बाहेरून कडी नसते. कळंगुटच्या वाळूत कुत्री खड्डा उकरून झोपतात, मोटारीखाली झोपतात, पण ऊन सरकले की उठून दुसरीकडे जातात. मोतीला ते करता येणार नाही. खुर्ची दुरुस्त होते, एवढेच लिहून थांबतो.

बंदरावरचा :

घारबाब, कायद्याचा मुद्दा मान्य आहे, पण तुम्ही वापर आणि गैरवापर एकाच तराजूत तोलत आहात. माझी लॅब्राडॉर वास्कोत पाच वर्षे क्रेट वापरते आहे आणि गेली चार वर्षे त्याचे दार मी लावलेले नाही. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे निघतात तेव्हा, गल्लीत फटाके आणि ढोल सुरू झाले की ती आपण होऊन आत जाते आणि पहाटेपर्यंत तिथेच पडून राहते. शस्त्रक्रियेनंतर तिला दहा दिवस उड्या मारू द्यायच्या नव्हत्या, तेव्हा ज्यांच्या कुत्र्यांना अशी सवय नव्हती त्यांचे हाल मी दवाखान्यात पाहिले. कोकण रेल्वेने कुत्रा न्यायचा आणि पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात कूपे (दोघांची बंद खोली) मिळाली नाही, तर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून जावे लागते. बंद जागेची ओळखच नसलेल्या कुत्र्याला मडगाव ते मुंबईची ती एक रात्र जड जाते.

मूळ लेखिकेची चूक क्रेट आणण्यात नसून दुसऱ्याच दिवशी दार लावण्यात आहे. पहिला आठवडाभर दार काढूनच ठेवावे किंवा मागे बांधून टाकावे. जेवणाचे ताट आधी उंबऱ्याशी ठेवावे, मग दररोज थोडे आत सरकवावे. तो निवांतपणे आत जेवू लागला की जेवण संपेपर्यंतच दार लोटावे आणि शेवटचा घास संपण्यापूर्वी उघडावे. त्यानंतर एक मिनिट, पाच मिनिटे, तुम्ही त्याच खोलीत. मग तुम्ही स्वयंपाकघरात. मग जिन्यापर्यंत जाऊन परत. कुत्रा रडला तर आपण एक पायरी जास्त चढलो असे समजून मागे यावे. हे काम तीन-चार आठवड्यांचे आहे, दोन दिवसांचे नाही. पिल्लांच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा करतात की जितके महिने वय, त्यात एक मिळवून तितके तास. पण ती लघवी रोखून धरण्याची कमाल मर्यादा झाली, कोंडण्याचा परवाना नव्हे. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांहून अधिक ठेवू नये, असे माझे मत आहे. आत असताना गळ्यातला पट्टा मात्र काढावा, कारण तो तारेत अडकून कुत्रे गुदमरू शकते. आणि खोडी केली म्हणून क्रेटमध्ये टाकणे कधीही करू नये. त्या एका दिवसात महिन्याची मेहनत जाते.

कुळागरातला :

आमच्या लहानपणी सुणे (कुत्रे) बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, झोपायचे, आठ दिवसांतून एकदा आगरातल्या पाटात न्हायचे आणि माशाच्या काट्यांवर जगायचे. खुर्ची खाल्लेली आठवत नाही, कारण त्याला खुर्चीपर्यंत येऊच दिले जात नसे. मुळात तिसऱ्या मजल्यावर कुत्रा पाळावाच कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माडावरची_घार :

कुळागरातले बाब, त्या दिवसांतली किती कुत्री बिबट्याने उचलली आणि किती साप चावून मेली, त्याचीही आठवण काढावी. बाकी प्रश्न मोतीला आणण्यापूर्वी विचारला असता तर योग्य होता. आता तो घरात आहे.

वेंगुर्ल्याची_लेक :

इथे क्रेट चांगला की वाईट यावर वाद चालू आहे, पण मोती लाकूड का चावतो हे अजून कोणी विचारलेले नाही. मी हे कळकळीने लिहिते आहे, कारण हीच चूक मी केली आणि तिची किंमत माझ्या कुत्रीने मोजली.

लग्नानंतर मी फोंड्याला आले तेव्हा माहेरची चार वर्षांची कुत्री सोबत आणली. नव्या घरात एकटी राहिली की ती दाराची चौकट खरवडायची. कोणीतरी सांगितले म्हणून तारेचा पिंजरा आणला आणि दार लावून बाजारात गेले. दीड तासाने परत आले तेव्हा दाराच्या दोन तारा बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या, गादी लाळेने भिजून जड झाली होती, आणि वरचा सुळा अर्ध्यावर तुटला होता. पशुवैद्यांनी भूल देऊन तो काढला. मग त्यांनी जे समजावले, ते आधी कळले असते तर बरे झाले असते. एकटेपणाची खरी धास्ती घेतलेले कुत्रे मालक बाहेर पडताच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच अस्वस्थ होते; धापा टाकते, लाळ गाळते, विव्हळते, सवय असूनही घरात लघवी करते, आणि त्याचा राग सामानावर नसून दारा-खिडकीवर असतो, कारण त्याला बाहेर पडायचे असते. अशा कुत्र्याला पिंजऱ्यात घालणे म्हणजे बुडणाऱ्याचे हात बांधण्यासारखे आहे. त्याला काही सेकंदांपासून सुरुवात करून एकटे राहायला शिकवावे लागते, आणि धास्ती तीव्र असेल तर फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीनसारखे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने काही महिने द्यावे लागते. माझ्या कुत्रीला ते द्यावे लागले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कंटाळलेल्या कुत्र्याचे तसे नसते. ते आधी झोपते, मग उठते, आणि हाती लागेल ते चघळते. दात येण्याचे कारण मोतीच्या बाबतीत उरलेले नाही, कारण सहा-सात महिन्यांपर्यंत कुत्र्याचे सगळे ४२ पक्के दात येऊन गेलेले असतात. तेव्हा ताई, क्रेट दोन दिवस बाजूला ठेवा, जुना मोबाइल शोकेसवर उभा करा, चार्जर लावा, आणि तुमच्या पाठीमागे काय होते ते आधी पाहा. त्या दिवसापुरती खुर्ची आतल्या खोलीत ठेवलीत तरी चालेल.

बंदरावरचा :

लेकीचा मुद्दा मी माझ्या उत्तरात लिहायला हवा होता, ही माझी चूक. धास्ती घेतलेल्या कुत्र्याला क्रेट नको, हे मान्य.

सांजेची_होडी :

हवामानाचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. क्रेटवर चादर टाकावी म्हणजे कुत्र्याला आडोसा वाटतो, हा सल्ला थंड देशांत ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा इतकी दमट असते की कपडे सावलीत वाळत नाहीत, आणि कुत्र्याला अंग गार करण्यासाठी मुख्यतः धापा टाकण्याचाच आधार असतो. दमट हवेत जिभेवरचे पाणी उडत नाही, त्यामुळे धापा टाकूनही उपयोग कमी होतो. त्यात वीज गेली आणि पंखा थांबला तर चादर टाकलेला पिंजरा भट्टी होतो. गावठी कुत्रा त्यातून कदाचित निभावेल, चपट्या नाकाचा पग निभावणार नाही. ज्यांना क्रेट ठेवायचाच आहे त्यांनी तो पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीवर, उघडा ठेवावा आणि पाण्याचे भांडे तारेला अडकवावे म्हणजे ते उलटत नाही.

पर्वरी_तिसरा_मजला :

दोन दिवसांचे चित्रण पाहिले. खुर्ची हलवण्याचा सल्ला मी मुद्दाम मानला नाही. नाहीतरी तिचे व्हायचे ते झालेले आहे.

आम्ही गेल्यावर मोती दाराशी दहा मिनिटे बसला, एकदा हुंगले, आणि पंख्याखाली जाऊन आडवा झाला. लाळ नाही, रडणे नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी खाली नुस्त्यांची (मासळीची) स्कूटर आली. तिचा भोंगा वाजताच तो उठला, खुर्चीवर चढला, पुढचे दोन्ही पाय उजव्या हातावर ठेवून खिडकीबाहेर पाहू लागला आणि भुंकायला लागला. खाली कोपऱ्यावरची चार-पाच कुत्री त्या स्कूटरमागे धावत होती. स्कूटर गेली, कुत्री पांगली, तरी हा तिथेच उभा राहिला, आणि मग मान खाली घालून समोर जे होते ते, म्हणजे खुर्चीचा हात, चावू लागला. पंधरा मिनिटे तो चावत होता. दुपारी चारनंतर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तेव्हा पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी वेळ पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे झाली, इतकाच फरक. बैठक त्याने का सोडली, याचेही उत्तर मिळाले: तिच्यावर तो उभा असतो.

खुर्ची आता आतल्या खोलीत कुलपात आहे आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेवर दुधी कागद चिकटवला आहे. शेजारच्या आजी दुपारी एकला त्याला वीस मिनिटे खाली नेतात. त्यांनी पैसे घेतले नाहीत, तेव्हा शुक्रवारचा बाजार मी त्यांना आणून देते. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून, रात्रभर गोठवून देते, त्यात त्याचा अर्धा-पाऊण तास जातो. सकाळचे फिरणे पंधरा मिनिटांवरून पन्नास मिनिटांवर नेले आहे, आणि त्याचा त्रास मोतीपेक्षा यजमानांना अधिक होतो. गेल्या नऊ दिवसांत एक पायपुसणे गेले, लाकूड नाही.

माडावरची_घार :

म्हणजे पिंजरा लागलाच नाही. तो परत करावा.

पर्वरी_तिसरा_मजला :

घारबाब, परत करणार नाही. दार काढून त्यात त्याची गादी ठेवली आहे आणि बंदरावरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ताट उंबऱ्याशी ठेवायला सुरुवात केली आहे, कारण दिवाळी यायचीच आहे आणि आमच्या गल्लीत नरकासुर मोठा असतो. तुम्हाला हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

माडावरची_घार :

पटलेले नाही. ज्या दिवशी ते दार पुन्हा बसवाल, त्या दिवशी इथे लिहावे, मी उत्तर द्यायला हजर असेन. घरमालकांना खुर्चीचे सांगितले काय?

पर्वरी_तिसरा_मजला :

सांगितले. म्हापशाच्या मेस्ताला (सुताराला) दाखवली. तो म्हणाला की हात नवा बसेल, पण तसे शिसव आता मिळत नाही, फणसाचे लाकूड लावून रंग जुळवावा लागेल. घरमालक येत्या रविवारी स्वतः पाहायला येणार आहेत. मोतीला त्या दिवशी आजींकडे ठेवावे की घरातच राहू द्यावे, यावर आमच्या दोघांत अजून एकमत झालेले नाही.