दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांची नोंद कुठे शोधावी? (यवतमाळ जिल्हा, बर्मा आघाडी)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझे आजोबा दारव्हा तालुक्यातले. घरची कपाशीची शेती. कामठीला भरती झाले नि १९४६ साली परत आले, एवढं घरात सगळे सांगतात. पुढचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. आत्या म्हणते मिसरला होते, काका म्हणतात बर्मा. पदक काकांच्या बाजूने आहे: सहा टोकांचा पितळी बर्मा स्टार, निळ्या फितीत मधे लाल पट्टा नि दोन बारीक नारिंगी.

पदकाच्या मागे नंबर कोरलेला आहे. सुरुवातीला एम.टी.एन., शेवटी आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर. पण आत्या दर पोळ्याला भांड्यांसोबत पदकही चिंचेनं घासायची, त्यात शेवटचे आकडे गेले. (आता कपाटात कुलपात आहे. आत्या रुसली आहे.)

आजोबा ट्रक चालवायचे. "मणिपूर रोडवरून माल भराचा," म्हणत. दिमापूरच्या रेल्वे स्टेशनाला तेव्हा हेच नाव होतं. तिथून कोहिमा-इंफाळकडे जाणारी वाट १९४४ च्या उन्हाळ्यात जपान्यांनी अडवली होती, ती २२ जूनला मोकळी झाली. आजोबा तेव्हा तिथं होते की नंतर गेले, मला मुख्य तेच हवंय. लढाईबद्दल ते बोलतच नसत. चिखलाबद्दल मात्र तासभर. "गाडी फसली का रातभर तिथंच. दिवा लावाचा नाई."

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी कृपया सुचवू नका, ती मृतांची आहे. जिवंत परतलेल्या लाखोंचं काय, हाच तर प्रश्न आहे. युद्धापुरती भरती, त्यामुळे पेन्शन नाही, म्हणून पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा) नंबरही नाही. आणि चौकशीला गेलं की खिडकीवर पहिला प्रश्न पीपीओचाच.

हाताशी आहे ते असं: कोतवाल बुकातली जन्मनोंद, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल, आणि खाकी कपड्यातला एक फोटो, बिल्ला अस्पष्ट. डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लं.

१. आर्मी सर्व्हिस कोरचं रेकॉर्ड ऑफिस बंगळूरला आहे. अर्धवट नंबर, वडिलांचं नाव आणि गाव यावर तिथं कुणाला उत्तर मिळालंय का? पत्ता तेव्हाच्या 'मध्य प्रांत व वऱ्हाड' प्रमाणे लिहावा का?

२. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकारचं अनुदान असतं. आजीला ते मिळायचं असं काकांना अंधुक आठवतं. तसं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जुनी फाइल असेल का? आजी वारल्यावर अशा फाइली ठेवतात?

३. एम.टी. म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट, हे कळलं. पुढचा एन कशाचा?

दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या कुणाचे आजोबा याच कोरमध्ये ड्रायव्हर असतील तर त्यांच्या पदकावरचा नंबर कसा सुरू होतो तेवढं कळवा. एकाच वेळी भरती झालेल्यांचे नंबर जवळपासचे असतील, तर आमचे गेलेले आकडे काढायला मदत होईल.