शब्दचर्चा: अष्टपैलू, चतुरस्र, हरहुन्नरी की बहुपेडी?

प्रश्न

बार्सिलोनाच्या ‘एपेल्स मेस्ट्रेस’ (१८५४–१९३६) या कलावंताची ओळख करून देणारा लेख लिहिते आहे. चित्रकार, कवी, नाटककार, गाण्यांना चाली लावणारा, लोककथा गोळा करणारा आणि वर बागवेडा. त्याच्याबद्दल कातालान या तिथल्या भाषेत जे विशेषण वापरतात त्याचा शब्दशः अर्थ ‘अनेक पैलूंचा’. मग ‘अष्टपैलू’ लिहून मोकळी होणार होते, पण तो शब्द आता क्रिकेटवाल्यांनी नेलाय. दुसरं काय लिहावं? आणि नाव असंच उच्चारतात का?

प्रतिसाद

चतुरस्र. फक्त कृपा करून ‘चतुरस्त्र’ लिहू नका, वर्तमानपत्रांत रोज दिसतं. ‘अस्र’ म्हणजे कोन, कोपरा. अस्त्राचा काही संबंध नाही.

प्रतिसाद

हरहुन्नरी का नको? फारसीतून आलेला आहे, पण आता पुरता आपला झालाय. (पैलूसुद्धा फारसीच, ‘पहलू’.)

प्रतिसाद

हरहुन्नरी म्हटलं की मला गणपतीचं मखर करणारा, पेटी दुरुस्त करणारा आणि ऐनवेळी नाटकात उभा राहणारा माणूस दिसतो. शब्दात कौतुक आहे, पण ‘कशातच मुरलेला नाही’ अशी बारीकशी छटाही आहे. मेस्त्रसला ती लागू नाही.

माझं मत ‘बहुपेडी’ला. अष्टपैलू आणि चतुरस्र या दोन्हींत बाजू एकमेकींपासून सुट्या असतात. एक बाजू झाकली तरी दुसरीला काही होत नाही. या माणसाच्या कला तशा सुट्या काढता येत नाहीत. तो आधी चित्रकार. वडील जुझेप उरिओल मेस्त्रस वास्तुविशारद, १८६१ च्या आगीनंतर लिसेउ हे ऑपेरागृह त्यांनीच पुन्हा उभारलं. मुलगा बार्सिलोनाच्या ल्योत्जा कलाशाळेत शिकला आणि ‘ला काम्पाना द ग्रासिया’सारख्या विनोदी साप्ताहिकांत व्यंगचित्रं काढू लागला. चौकटीमागून चौकट काढत, शब्दांवाचून गोष्ट सांगायची त्याची हातोटी अशी, की स्पेनमधल्या चित्रकथेच्या आद्य कलावंतांत त्याचं नाव घेतात. १८८१ मध्ये अँडरसनच्या परीकथांसाठी त्याने चित्रं काढली. आता पुढे बघा: १९०७ मध्ये ‘लिलियाना’ हे त्याचं दीर्घकाव्य आलं, त्यातही रान, बुटके, पऱ्या. शब्द त्याचे आणि पानापानावरची चित्रंही त्याचीच. तेच १९११ मध्ये एन्रिक ग्रानादोसच्या संगीतासह रंगमंचावर गेलं. ग्रानादोसने त्याआधीही ‘पिकारोल’ (१९०१), ‘गझिएल’ (१९०६) अशा त्याच्या संहितांना संगीत दिलं होतं. चित्रातून गोष्ट, गोष्टीतून कविता, कवितेतून गाणं. उतारवयात डोळे गेले, चित्रकला सुटली, तरी कविता आणि गाणी चालू राहिली. एक पेड तुटला, वेणी सुटली नाही. ‘चतुरस्र’मध्ये हे कुठे बसणार?

बागेचं मात्र लेखात जरूर येऊ द्या. पासाजे पर्मान्ये या गल्लीतल्या त्याच्या घरची हायड्रेंजियाची फुलं गावभर प्रसिद्ध होती.

प्रतिसाद

उच्चाराबद्दल. ‘एपेल्स’ हा इंग्रजी वळणाचा झाला. सिकंदराच्या पदरी असलेल्या ग्रीक चित्रकाराचं हे नाव. वास्तुविशारद बापाने मुलाचं नाव काय हौसेने ठेवलं असेल! कातालान लिपीत दोन ‘ल’च्या मध्ये उंचावर एक टिंब देतात, म्हणजे ‘ल’ जोडून उच्चारायचा. शिवाय बार्सिलोनाकडे आघात नसलेला ‘ए’ जवळजवळ ‘अ’सारखा होतो. म्हणून ‘अपेल्लस मेस्त्रस’. वरच्या प्रतिसादात आडनाव बरोबर आलंय.

आणि हे आडनाव आपल्याला परकं नाही. ‘मेस्त्र’ म्हणजे गुरू, उस्ताद. त्याचंच पोर्तुगीज भावंड गोव्यात उतरलं आणि आपल्याकडे मेस्त्री, मिस्त्री झालं. सिंधुदुर्गात तर मेस्त्री आडनावाची घरंच्या घरं आहेत.

मूळ प्रश्नकर्ती

मेस्त्री! मग ‘मेस्त्र एन गाय साबेर’ हा किताब त्याला १९०८ मध्ये मिळाला, त्याचं काय करू? ‘आनंदी ज्ञानाचा मेस्त्री’ म्हटलं तर वाचक हसतील.

प्रतिसाद

हसतीलच. ‘गाय साबेर’ म्हणजे मध्ययुगातल्या त्रुबादूर कवींची काव्यविद्या. बार्सिलोनात १८५९ पासून पुन्हा सुरू झालेल्या ‘जोक्स फ्लुराल्स’ या काव्यस्पर्धेत तीन मुख्य बक्षिसं असत: प्रेमकवितेला खरं फूल, देशभक्तीच्या कवितेला सोन्याचं रानगुलाब, धार्मिक कवितेला सोन्याचांदीचं व्हायोलेट. तिन्ही जिंकणाऱ्याला हा किताब. मी ‘काव्यविद्येचा आचार्य’ लिहीन. ‘काव्यतीर्थ’ म्हणायचा मोह टाळा, ती आपल्याकडची वेगळी पदवी आहे.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. शेवटचा प्रश्न: १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या तेव्हा त्याने लिहिलेली ‘नो पासारेउ!’ ही कविता. स्पेनच्या यादवी युद्धातली प्रसिद्ध घोषणा ‘नो पासारान’ ती हीच ना?

प्रतिसाद

अगदी तेच नाही, आणि फरक व्याकरणाचा आहे. ‘पासारान’ स्पॅनिश, तृतीय पुरुष: ‘ते पुढे येणार नाहीत’. हे आपल्या माणसांना धीर देण्यासाठी. ‘पासारेउ’ कातालान, द्वितीय पुरुष: ‘तुम्ही पुढे येणार नाही’. हे शत्रूला तोंडावर. मराठीत दोन्हीला सरसकट ‘येऊ देणार नाही’ म्हणतात, त्यात हा रोख हरवतो. कवितेसाठी ‘पुढे याल तर खबरदार’ बरं वाटतं का बघा.

स्पेनमधली कम्युनिस्ट नेती डोलोरेस इबारुरी हिने माद्रिदच्या रेडिओवरून ‘नो पासारान’ म्हटलं ते १९ जुलै १९३६ ला. त्याच दिवशी बार्सिलोनाच्या रस्त्यांवर बंडखोर सैन्याशी लढाई चालू होती, आणि मेस्त्रस वारला तोही त्याच दिवशी. ही तारीख लेखात घाला, पण दोन्ही घोषणा एकच आहेत असं लिहू नका.

मूळ प्रश्नकर्ती

मग ‘बहुपेडी’ नक्की. शीर्षकात ‘बहुपेडी मेस्त्रस’ असं नुसतंच ठेवते, ‘व्यक्तिमत्त्व’ जोडत नाही.