टणक टोमॅटो जनुकीय बदल केलेले असतात का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): पिंपळगाव बसवंतहून येणारे टोमॅटो आठ दिवस टणक राहतात, म्हणून ते जनुकीय बदल केलेले आहेत, असे शेजारी सांगतात. ते मुलांना द्यावेत का?

पहिले उत्तर: अवश्य द्यावेत, ते संकरित वाण आहेत. जनुकीय बदल केलेल्या पिकांपैकी भारतात २००२ पासून व्यावसायिक लागवड होते ती फक्त बीटी कापसाची (बीटी म्हणजे अळीला मारणारे प्रथिन बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेले वाण). बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली.

दुसरे उत्तर: मात्र त्याच कापसाच्या सरकीचे तेल आपण खातो, याची चर्चा फारशी होत नाही. बीटी प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात घातक ठरते, माणसाच्या जठरातील आम्लात ते पचते आणि रिफाइंड तेलात तर ते जवळजवळ उरतच नाही. मला अधिक काळजी वाटते ती फवारणीच्या अंशांची. टोमॅटो वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत.