खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत तपकिरी शेवाळ, नायट्रेट मात्र शून्य! मदत हवी आहे

मंडळी, गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, खाऱ्या पाण्याचा मात्र हा पहिलाच प्रयत्न. टाकी १२० लिटरची, सुरू करून नऊ आठवडे झाले. कोरडे खडक, वाळू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), एक वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप). अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच दोन क्लाऊनफिश सोडले. ते मजेत आहेत, त्यांना कशाचं सोयरसुतक नाही.

चौथ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पूड बसली होती. डायटम्स (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) नव्या टाकीत येतातच आणि सिलिकेट संपलं की जातात, हे वाचलेलं होतं, म्हणून हात लावला नाही. खरंच गेले. आता दहा दिवसांपासून पुन्हा तपकिरी, पण हे प्रकरण वेगळं दिसतंय. शेंबडासारखं चिकट (माफ करा, दुसरा शब्द सुचत नाही), खडकांवरून तारा लोंबतात आणि तारांत हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी दिवे लागण्याआधी वाळू जवळपास स्वच्छ, दुपारी पुन्हा गालिचा.

दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलतोय, तेही आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. फॉस्फेट रिमूव्हर टाकला, माशांना दिवसाआड खाणं, दिवे १० तासांवरून ७ वर. नायट्रेट ०, फॉस्फेट ०, तापमान २६, विशिष्ट घनता १.०२५. पाण्यात खायला काही नाही तर हे जगतंय कशावर? दोन गोगलगायीही सुस्त आहेत, काल एक उलटी पडलेली सापडली.

प्रतिसाद १:
सायनो (सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) असेल. वेव्हमेकरचा झोत वाळूकडे वळवून बघा.

प्रतिसाद २:
सायनो वाटत नाही. तो बहुधा लालसर-किरमिजी असतो आणि सायीसारखा पापुद्र्याने निघतो. तारा, बुडबुडे, रात्री गायब आणि सुस्त गोगलगायी, हे सगळं डायनोफ्लॅजेलेट्सकडे (थोडक्यात डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) बोट दाखवतंय. त्यांच्या काही जाती विषारी असतात. गोड्या पाण्याच्या सवयीने नळी तोंडाने ओढून पाणी काढत असाल तर ते आधी बंद करा!

खात्री करून घ्या. थोडा चिकटा टाकीच्याच पाण्यात, बंद बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा जुळल्या तर डायनोच.

तसं असेल तर राग मानू नका, पण तुमची स्वच्छताच त्यांच्या पथ्यावर पडली आहे. नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालं की साधं हिरवं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात आणि मोकळी जागा डायनोंना मिळते. रिमूव्हर काढा, पाणी बदलणं थांबवा, माशांना रोज खाऊ घाला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम राहील असं बघा. चिकटा नळीने ओढा, बारीक फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या कापडी पिशवीतून) गाळून तेच पाणी परत सोडा.

धागाकर्ता:
प्रयोग केला. गाळलेलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, सव्वा तासाने बघतो तर तळाशी जाळी विणलेली! रिमूव्हर काढला. पण मुद्दाम पाणी 'घाण' करायला हात धजत नाहीये. हिरवं शेवाळ माजलं तर? आणि तीन दिवस पूर्ण अंधार करू का?

प्रतिसाद २:
हिरवं आलं तर पेढे वाटा. ते शेवाळ गोगलगायी खातात. प्रवाळ नाहीत, तेव्हा अंधार चालेल, पण नुसता अंधार केला तर डायनो परत येतात. तुमचे डायनो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात असं दिसतंय, म्हणून अंधारासोबत यूव्ही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा) लावा, आणि त्याचा पंप थेट टाकीतून पाणी घेऊ दे. त्याआधी फॉस्फेट पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका.