मलेरिया पण पॉझिटिव्ह आणि विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पण, दोन्ही ताप एकदम होतात का?

परळकर_ताई:
लहान भाऊ, वय २३, पाच दिवस झाले ताप आहे. एक दिवसाआड दुपारी चारच्या सुमारास हुडहुडी भरते, काल तर दोन गोधड्या घालून वरून मी दाबून धरलं तरी पलंग हलत होता, मग दोन तासांनी घामाने उशी ओलीचिंब आणि रात्री उठून वरणभात मागतो. रिपोर्टमधे व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) आलाय आणि विडाल ओ १:१६०. मलेरियाच्या गोळ्या आज चालू झाल्या, डॉक्टर म्हणतात उद्यापासून टायफॉइडची इंजेक्शनं पण ७ दिवस. आईने तर हायच खाल्लीये.

लॅबवाला_दादा:
ताई घाबरू नका. दोन्ही एकदम होऊ शकतं पण नुसत्या विडालवर तसं म्हणता येत नाही. विडाल जंतू शोधत नाही, रक्तातल्या अँटिबॉडी बघते, आणि मलेरियात शरीर इतक्या तऱ्हेच्या अँटिबॉडी बनवतं की विडाल खोटी पॉझिटिव्ह येते, आधी कधी टायफॉइड झाला असेल किंवा लस घेतली असेल तरी येते. उलट खऱ्या टायफॉइडमधे पहिल्या आठवड्यात ती बरेचदा निगेटिव्हच असते! पावसाळ्यात असे रिपोर्ट माझ्या हातून रोज जातात म्हणून कळकळीने सांगतो, इंजेक्शन टोचायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमधे वाढवून बघायची तपासणी) करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिक एकदा अंगात गेलं की कल्चरमधे जंतू उगवणं अवघड.

सचिन_पनवेल:
माझं उलटं झालेलं. मलेरियाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, दुसरी स्लाइड क्लिअर आली तरी १०३ ताप हटेना, थंडी नाही घाम नाही, नुसता चढलेला, पोट दुखायचं आणि जिभेवर पांढरा थर. शेवटी कल्चरमधे टायफी, म्हणजे टायफॉइडचा जंतू, सापडला. म्हणून गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत ताप उतरतोय का ते तासागणिक लिहून ठेवा, नुसतं बरं वाटतंय यावर जाऊ नका.

सिस्टर_गडचिरोली:
आमच्याकडे मलेरियाचा दुसरा प्रकार, फाल्सिपेरम, जास्त, पण व्हायवॅक्सचं एक सांगते. प्रायमाक्वीनची गोळी १४ दिवस असते, लोक ताप गेला की चौथ्या दिवशी सोडतात आणि लिव्हरमधे लपलेला परजीवी महिन्या-दोन महिन्यांनी परत उठतो. ही गोळी द्यायच्या आधी जी-६-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासलंय का विचारा, ते कमी असेल तर या गोळीने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा बरळायला लागला तर रात्र काढू नका, सरळ ॲडमिट करा. आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा बाई, मुंबईचा मलेरियाचा डास तिथंच अंडी घालतो.

परळकर_ताई:
सगळ्यांचे खूप आभार. सकाळी डॉक्टरांना विचारलं, ते रागावले नाहीत, लगेच कल्चर लिहून दिलं. कल्चरच्या दोन बाटल्यांत रक्त गेलं, जी-६-पीडीचं पण. इंजेक्शन रिपोर्ट येईपर्यंत थांबवलंय, ताप वाढला तर लगेच या म्हणाले. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं निघालं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. आज त्याच्या थंडीतापाच्या पाळीचा दिवस आहे, चार वाजता थर्मामीटर घेऊन बसतेय त्याच्याजवळ.