मदत हवी आहे: आर्मीतून जज होता येते का?
भाऊ लोकहो, माह्या भाच्याचं एलएलबी झालं अन् आता त्याले आर्मीच्या जॅग ब्रँचमधे (म्हणजे आर्मीची कायद्याची शाखा) जायचंय, मार्क ५५ टक्क्याच्या वर आहेत, पण घरचे म्हणतात आधी जज हो. त्या पोट्ट्याच्या डोक्यात बसलाय अमेरिकेचा ह्यूगो ब्लॅक, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन, मंग सिनेटर, मंग १९३७ पासून १९७१ पर्यंत सुप्रीम कोर्टात जज, त्याचा फोटो मोबाईलवर लावून फिरते पोट्टं! तिकडं जमलं, इकडं कसं? २०२५ मधे सुप्रीम कोर्टात आपल्या अमरावतीच्या गवई साहेबांच्या (तेव्हाचे सरन्यायाधीश) बेंचनं सिव्हिल जजच्या परीक्षेले ३ वर्षं प्रॅक्टिस लागेल असं सांगितलं, तं जॅगची नोकरी त्यात धरतात का? का आधी कोर्टात ३ वर्षं काढून मंग जॅगचा फॉर्म भरावा, तिथं वय तं २७ पर्यंतच चालते ना? कोणी जॅगमधून रिटायर झालेलं असन तं सांगा.